महायुद्धानंतरच्या कथा : फँटसी साहित्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फँटसी कादंबऱ्या वाचणारे आणि लिहू पाहणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांपैकी युद्धोत्तर कथाविश्वाविषयीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसऱ्या उत्तरात लागत असेल, तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. काही उत्तरांत कादंबऱ्यांचे शेवट आणि रहस्ये उघड होतात, याची वाचकांनी आधीच नोंद घ्यावी.

१. कोणतीही फँटसी उघडली की 'फार वर्षांपूर्वी एक महायुद्ध झालं होतं' असंच का असतं?

युद्ध थांबले तरी जे मिटत नाही, त्यातूनच कथेला सर्वाधिक सामग्री मिळते. परागंदा झालेला वारस, न पाळलेला शब्द, घाईघाईने केलेला तह, कोठे तरी पडून राहिलेले शस्त्र, परत न आलेला मुलगा आणि त्याची वाट पाहणारे घर या सगळ्या गोष्टी युद्ध मागे ठेवून जाते. त्यांतील प्रत्येक गोष्ट कोणाला तरी घराबाहेर काढू शकते, आणि घराबाहेर पडलेला माणूस ही तर या साहित्यप्रकाराची पहिली गरज आहे.

यात लेखकाची सोयही आहे, हे मान्य केले पाहिजे. वास्तववादी कादंबरीकाराला पुणे किंवा पणजी समजावून सांगावी लागत नाही. फँटसीच्या लेखकाला मात्र संपूर्ण जग कोऱ्या कागदावर उभे करावे लागते. हा किल्ला ओसाड का, या दोन जमाती एकमेकींच्या विहिरीचे पाणी का पीत नाहीत, उत्तरेकडचा रस्ता बंद का, राजाच्या मुकुटातील एक रत्न नाहीसे का, या सर्व प्रश्नांना एकच जुने युद्ध उत्तर देऊ शकते. तथापि केवळ सोय म्हणून ही रचना इतकी टिकली असती, असे मला वाटत नाही. लढाई चालू असताना 'कोण जिंकणार' या प्रश्नापुढे बाकीचे सगळे प्रश्न दबून जातात. लढाई संपली की जिंकणाऱ्याने काय करून जिंकले, त्याची किंमत कोणी मोजली आणि ज्याच्या भावाला आपण मारले त्याच्या शेजारी आता कसे राहायचे, हे विचारण्याची वेळ येते. चांगली फँटसी या प्रश्नांसाठी लिहिली जाते.

२. युद्धानंतर म्हणजे नेमकं किती वर्षांनंतर?

याला ठराविक आकडा नाही, पण अंतर बदलले की कथेची जातच बदलते. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या १९९६ साली सुरू झालेल्या मालिकेत आधीच्या राजघराण्याविरुद्धचे बंड सुमारे पंधरा वर्षांपूर्वी होऊन गेलेले आहे. म्हणजे त्या बंडात लढलेली माणसे आता मुलाबाळांची झाली आहेत, एकाच दरबारात वावरत आहेत आणि कोणी काय केले हे प्रत्येकाला ठाऊक आहे. हॅरी पॉटरच्या कथेत हे अंतर दहा वर्षांचे आहे : १९८१ साली लढा संपतो आणि १९९१ साली अनाथ झालेला मुलगा शाळेत जातो. अशा कथांत साक्षीदार जिवंत असतात, त्यामुळे सूड, अपराधभाव आणि लपवाछपवी यांवर भर राहतो.

अंतर हजारो वर्षांचे असेल तर विस्मरण हाच विषय होतो. जे. आर. आर. टॉल्किन यांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीत दोन्ही अंतरे एकाच ठिकाणी आणली, आणि ती जागा बारकाईने वाचण्यासारखी आहे. एल्रॉण्ड या हजारो वर्षे जगलेल्या अधिपतीने भरवलेल्या सभेत तो तीन हजार वर्षांपूर्वीच्या सैन्याचे वर्णन करू लागतो, ते स्वतः पाहिल्यासारखे. कथानायक फ्रोडोच्या तोंडून आश्चर्याचा उद्गार निघून जातो, कारण त्याच्या दृष्टीने ती पुराणकाळातील गोष्ट असते आणि समोर बसलेला माणूस त्या रणांगणावर हजर होता. एकाचा इतिहास ही दुसऱ्याची ताजी आठवण आहे, हे त्या एका उद्गारातून कळते. त्यासाठी वेगळे प्रकरण लिहावे लागलेले नाही.

३. ही पद्धत टॉल्किनपासून सुरू झाली का?

आधुनिक इंग्रजी फँटसीला हे वळण देण्यात त्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे, परंतु कल्पना त्यांची एकट्याची नाही आणि नवीही नाही (प्रश्न ५ पाहा).

टॉल्किन १९१६ साली लँकेशायर फ्युजिलिअर्स या पलटणीत संदेशवहनाचे अधिकारी म्हणून सोमच्या लढाईत होते. शाळेपासूनच्या चौघा जिवलग मित्रांच्या मंडळातील रॉब गिल्सन १ जुलै १९१६ रोजी, म्हणजे त्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, मारला गेला, आणि जेफ्री स्मिथ त्याच वर्षीच्या डिसेंबरात जखमांनी गेला. टॉल्किन स्वतः खंदकांतील उवांमुळे पसरणाऱ्या तापाने आजारी पडून नोव्हेंबरात इंग्लंडला परतले आणि त्या आजारपणाच्या काळातच त्यांनी एका गुप्त नगराच्या पाडावाची कथा लिहायला घेतली. त्यांचे पुढे मित्र झालेले सी. एस. लुईस एप्रिल १९१८ मध्ये फ्रान्समध्ये जखमी झाले. लुईस यांच्या नार्नियाच्या पहिल्या पुस्तकातील चार भावंडे लंडनवरील हवाई हल्ल्यांमुळे गावाकडे पाठवली जातात, म्हणजे जादूच्या जगात नेणाऱ्या कपाटाचे दार उघडण्याआधीच युद्ध कथेत येऊन बसलेले आहे. पुढच्या पिढीत रॉबर्ट जॉर्डन व्हिएतनाममध्ये लढून आले आणि १९९० साली त्यांनी जी प्रदीर्घ मालिका सुरू केली, तिच्यातील जग एका प्राचीन संघर्षात अक्षरशः मोडून पडलेले आहे.

युद्धावरून परतलेल्या प्रत्येकाने फँटसी लिहिली नाही आणि फँटसी लिहिणारा प्रत्येक जण युद्धावर गेलेला नव्हता. पण या प्रकाराची घडण ज्यांनी केली, त्यांच्यापैकी काही जणांना घरी परतणे ही गोष्ट लढण्याइतकीच अवघड असते हे स्वानुभवाने माहीत होते, आणि नंतरच्या लेखकांनी त्यांच्याकडून कथेचा हा साचा उचलला. काहींनी अनुभवाशिवाय नुसता साचाच उचलला, त्याविषयी प्रश्न ११ मध्ये लिहिले आहे.

४. मग 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हे दुसऱ्या महायुद्धाचं रूपक आहे, असं म्हणायचं का?

नाही. ही कादंबरी १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाल्यामुळे कथेतील शत्रूची सर्वशक्तिमान अंगठी म्हणजे अणुबाँब असे समीकरण अनेकांनी मांडले, परंतु दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टॉल्किन यांनी ते स्पष्ट शब्दांत नाकारले आहे. प्रत्यक्षातले युद्ध कथेत उतरले असते, तर अंगठी नष्ट न होता ताब्यात घेऊन शत्रूविरुद्ध वापरली गेली असती, असा त्यांचा युक्तिवाद आहे आणि तो मला पूर्ण पटतो. युद्धाचा ठसा शोधायचाच असेल तर तो आधीच्या, पहिल्या महायुद्धाचा आहे, आणि तोही कथानकात नाही, भूमीत आहे. मृतांच्या दलदलीतून जाताना पाण्याखाली जुन्या लढाईत पडलेल्यांचे चेहरे दिसतात. त्या प्रदेशाच्या वर्णनावर सोमनंतरच्या उत्तर फ्रान्सचे काही ऋण आहे, असे टॉल्किन यांनी एका पत्रात लिहिले होते.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो कादंबरीचा शेवट. अंगठी नष्ट झाल्यावरही पुस्तक बरेच पुढे चालते. फ्रोडो आणि त्याचे तीन सोबती घरी परततात तेव्हा गावातील झाडे तोडलेली असतात आणि सत्ता गुंडांच्या हाती गेलेली असते. तेही निस्तरले जाते, पण फ्रोडोला झालेली सुऱ्याची जखम ६ ऑक्टोबरची तारीख आली की पुन्हा दुखू लागते. ज्यांच्यासाठी गाव वाचवले ते गावात सुखाने नांदतात आणि वाचवणारा मात्र तेथे राहू शकत नाही. ही कादंबरी एका युद्धानंतर सुरू होते आणि दुसऱ्या युद्धानंतरच्या काळात संपते. चित्रपटात गावची ती दुर्दशा गाळल्यामुळे ही बाजू अनेक प्रेक्षकांपर्यंत पोहोचलीच नाही, याची मला खंत वाटते.

५. महाभारतात तर युद्धच मुख्य आहे. ते युद्धोत्तर कथा कसं म्हणता येईल?

महाभारताला फँटसी म्हणण्याचा येथे हेतू नाही. अनेकांसाठी तो धर्मग्रंथ आहे आणि परंपरेने त्याला इतिहास म्हटले आहे. पण युद्धोत्तर कथेची रचना पाहायची असेल, तर त्याच्याइतका संपूर्ण नमुना जगात दुसरा क्वचितच मिळेल.

आधी कथा कोण कोणाला सांगतो ते पाहावे. वैशंपायन ती जनमेजयाला सर्पसत्रात सांगतो आणि जनमेजय हा अर्जुनाचा पणतू आहे. म्हणजे श्रोता विजेत्यांच्या वंशातला, आणि ऐकताना तो स्वतःच एका सूडाच्या यज्ञाला बसलेला. दुसरे असे की अठरापैकी दहाव्या पर्वात लढाई आणि रात्रीची कत्तल संपते. त्यानंतर आठ पर्वे उरतात आणि त्यांतील शांतिपर्व हे सगळ्या ग्रंथातील सर्वांत मोठे पर्व आहे. ज्याला आपण अठरा दिवसांचे युद्ध म्हणून ओळखतो, त्या ग्रंथाने युद्धानंतरच्या काळाला किती जागा दिली आहे, हे यावरून दिसते.

त्या आठ पर्वांतले प्रसंग मालिका आणि बालवाचनाच्या पुस्तकांत बहुधा घाईने उरकले जातात. पुत्रशोकाने पेटलेला धृतराष्ट्र आलिंगनाच्या मिषाने भीमाचा लोखंडी पुतळा चुरडतो. गांधारीची नजर डोळ्यांवरच्या पट्टीखालून युधिष्ठिराच्या पायाच्या नखांवर पडते आणि नखे विद्रूप होतात. मृतांना जलांजली देण्याच्या वेळी कुंती सांगते की कर्ण तुमचा थोरला भाऊ होता, म्हणजे मिळवलेल्या राज्यावरचा युधिष्ठिराचा हक्क त्याच क्षणी डळमळतो. पुढे पंधरा वर्षे धृतराष्ट्र पुतण्याच्या आश्रयाने राहतो. युधिष्ठिर त्याचा मान राखतो, पण भीम त्याला ऐकू जाईल अशा बेताने दंड थोपटून याच बाहूंनी आंधळ्याची पोरे संपवली म्हणून सांगत राहतो, आणि वनात निघालेल्या म्हाताऱ्याने श्राद्धासाठी द्रव्य मागितले तर तेही देऊ नये म्हणतो. जिंकलेल्या घरातील रोजचे जेवणखाण कसे असते, हे इतक्या जवळून फार थोड्या लेखकांनी दाखवले आहे.

छत्तिसाव्या वर्षी प्रभासक्षेत्री यादव मद्य पिऊन बसतात आणि सात्यकी कृतवर्म्याला टोचून बोलतो की तू झोपलेल्यांना मारणाऱ्यांचा साथीदार. कृतवर्मा उलट विचारतो की हात तुटून प्रायोपवेशनाला, म्हणजे अन्नत्याग करून मरणाला, बसलेल्या भूरिश्रव्याचे मस्तक कोणी उडवले? दोघेही कुरुक्षेत्रातून वाचलेल्या मोजक्या योद्ध्यांपैकी, दोघेही खरे बोलत आहेत, आणि त्या दोन वाक्यांतून यादवकुळाचा अंत होतो. गांधारीचा शाप आणि ऋषींचा शाप ही दैवी कारणे ग्रंथात आहेतच, पण ठिणगी पडते ती युद्धात कोणी काय केले या जुन्या भांडणातून. युद्धोत्तर फँटसी लिहू इच्छिणाऱ्याने मौसलपर्वातील हा संवाद पाठ करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

६. अश्वत्थाम्याचा उल्लेख या विषयात नेहमी का होतो?

कारण संपलेले युद्ध त्याच्या रूपाने जिवंत राहिले आहे. द्रौपदीच्या पाच पुत्रांना रात्री मारल्यावर आणि उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडल्यावर त्याच्या मस्तकावरील मणी काढून घेतला जातो आणि तीन हजार वर्षे एकाकी, रक्तपुवाच्या दुर्गंधीसह भटकण्याचा शाप त्याला मिळतो. मृत्यूची शिक्षा दिली असती तर गोष्ट तेथेच मिटली असती.

लोकपरंपरेने हा शाप प्रत्यक्ष भूगोलात आणला. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातील अस्तंबा शिखराशी अश्वत्थाम्याचे नाव जोडलेले आहे. दिवाळीच्या सुमारास आदिवासी भाविक तेथे यात्रेला चढतात, आणि जखमेसाठी तेल मागत फिरणाऱ्या अश्वत्थाम्याच्या गोष्टी त्या मुलखात सांगितल्या जातात. तेल मागणे हा तपशील मला विलक्षण वाटतो. ब्रह्मास्त्र जाणणारा योद्धा दारात उभा राहून पळीभर तेल मागतो आणि घरातल्या माणसाला ते द्यायचे की नाही हे ठरवावे लागते. त्या दारात एका संपूर्ण कादंबरीची सुरुवात आहे.

७. युद्ध जिंकलं होतं, तर तेच संकट परत कसं येतं? ही पळवाट नाही का?

काही वेळा ती निव्वळ पळवाट असते. खलनायक मेला असे सांगून तो पाचशे पानांनी पुन्हा उठवणे सोपे आहे. परंतु विजय अपुरा का राहिला याचे कारण विजेत्यांच्याच कृतीत सापडत असेल, तर तक्रारीला जागा उरत नाही. टॉल्किन यांच्या कथेत इसिल्दुर जिंकतो आणि अंगठी अग्नीत टाकण्याऐवजी बाप व भाऊ गमावल्याची भरपाई म्हणून स्वतःकडे ठेवतो. हा लोभ असला तरी तो शोकातून आलेला आहे. पुढचे सारे संकट त्या एका समजण्याजोग्या चुकीतून उगवते. कादंबरी वाचताना वाचकाने एवढेच तपासावे की शत्रू परत आला तो लेखकाला हवा होता म्हणून, की कोणी तरी काही तरी अर्धवट सोडले होते म्हणून.

८. पात्रांना त्या युद्धाबद्दल खरं काहीच कसं माहीत नसतं?

युद्धानंतर जी हकीकत रूढ होते, ती ज्यांच्या सोयीची असते त्यांनीच सांगितलेली असते, आणि या तफावतीतून रहस्यकथा तयार होते. हॅरी पॉटरच्या जगात विजयाच्या घाईत सिरियस ब्लॅकला खटला न चालवताच तुरुंगात टाकले जाते आणि बारा वर्षे सर्वांचा समज असतो की मित्राचा घात त्यानेच केला. खरा फितूर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उंदीर होऊन राहतो. मार्टिन यांच्या मालिकेत तर ज्या अपहरणामुळे बंड झाले, ते अपहरण होते का हीच शंका वाचकाच्या मनात हळूहळू बळावते. नायकाबरोबर वाचकही जुने युद्ध नव्याने शिकतो. म्हणूनच अशा कादंबऱ्यांत म्हातारी माणसे, ग्रंथालये आणि पोवाडे गाणारे यांना इतके महत्त्व असते.

९. हरवलेला वारस, मेलेला राजपुत्र परत येणं हे फारच ओढूनताणून वाटतं. असं कुठे घडतं?

मराठी वाचकाने तरी हा प्रश्न विचारू नये. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या मृत्यूविषयी शंका राहिली आणि त्यांच्या पत्नी पार्वतीबाई त्यांना जिवंत मानत राहिल्या. अशा संशयाच्या हवेत स्वतःला भाऊसाहेब म्हणवणारा तोतया उभा राहिला. त्याला किल्ले आणि माणसे मिळाली आणि त्याचे बंड मोडून त्याला देहदंड देईपर्यंत १७७६ साल उजाडले, म्हणजे पानिपताला पंधरा वर्षे होऊन गेली होती.

त्या माणसांनी तोतयाला साथ का दिली, याचा विचार केला तर फँटसीतील परत येणारा राजा वेगळ्या प्रकाशात दिसतो. काहींचा त्यात स्वार्थ असेल, पण एवढा मोठा पराभव खरा नव्हता असे कोणी येऊन सांगावे, ही आस फार खोल असते. कादंबरीत वारस खरा निघतो की खोटा हे दुय्यम आहे. लोकांना तो खरा असायला का हवा आहे हे लेखकाला कळले पाहिजे.

१०. युद्धाचा मागमूस नसलेली फँटसी असते का? आणि उलट, युद्ध हवंच असं म्हणणारी?

दोन्ही आहेत. उर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसी मालिकेच्या १९६८ सालच्या पहिल्या पुस्तकात सुरुवातीला गावावर एक धाड पडते, पण कथेचा गाभा नायकाने स्वतःच्या गर्वापायी मोकळ्या सोडलेल्या सावलीत आहे. कोणतेही सैन्य जगाचा निर्णय लावत नाही. जुन्या युद्धाशिवाय खोल जग उभे राहत नाही असे म्हणणाऱ्यांना हे एक पुस्तक पुरेसे उत्तर आहे.

उलट बाजूचा अपवाद अधिक अस्वस्थ करणारा आहे. ई. आर. एडिसन यांच्या १९२२ मधील कादंबरीत वीर युद्ध जिंकतात आणि शांततेत त्यांना जगणे नकोसे होते. तेव्हा देवता त्यांचा शत्रू त्यांना परत देते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सोमनंतर अवघ्या सहा वर्षांनी हे लिहिले गेले. मला हा शेवट मान्य होत नाही, परंतु परतलेल्या योद्ध्याला घर परके वाटते हे तथ्य एडिसन यांनीही ओळखले होते. त्यांनी त्यावर उपाय मात्र भलता शोधला.

अणुयुद्धानंतरचे जग दाखवणारी विज्ञानकथा हा जवळचा पण वेगळा प्रकार आहे, कारण तेथे नष्ट झालेले जग वाचकाचे स्वतःचे असते. हायाओ मियाझाकी यांचा १९८४ मधील नौसिका हा चित्रपट दोन्हींच्या सीमेवर उभा आहे : सात दिवसांच्या अग्नीने जग जळून हजार वर्षे झाली आहेत आणि विषारी अरण्य वाढते आहे, पण तेच अरण्य खालची माती शुद्ध करीत असल्याचे नायिकेच्या लक्षात येते.

११. मी मराठीत फँटसी लिहितो आहे. जुन्या युद्धाची माहिती सुरुवातीला किती द्यावी?

शक्यतो देऊच नये. दहा पानांचे पूर्वपीठिकेचे प्रकरण, त्यात चार राजवंश आणि अकरा नवी नावे, ही या प्रकारातील सर्वांत रूढ चूक आहे. युद्ध वस्तूंतून आणि सवयींतून दिसू द्यावे. नांगराला लागलेला भाल्याचा फाळ, एकाच वयाचे पुरुष नसलेले गाव, विशिष्ट दिवशी चूल न पेटवणारे घर, सोयरीक जुळवताना विचारला जाणारा 'तुमचे आजोबा नदीच्या कोणत्या बाजूला होते' हा प्रश्न, यांतून वाचक युद्ध स्वतःच जुळवून घेतो. तपशिलाचा साठा लेखकाजवळ हवा. तो सगळा पानावर आणण्याची गरज नाही. कोणत्या काळाने काय होते, याचा विचार प्रश्न २ मधील अंतरावरून करावा.

१२. खऱ्या, अलीकडच्या युद्धावर किंवा फाळणीवर बेतलेली फँटसी लिहिणं योग्य आहे का?

हा यादीतला सर्वांत अवघड प्रश्न आहे. आर. एफ. क्वांग यांनी २०१८ च्या आपल्या पहिल्या कादंबरीत चीन-जपान युद्धातील नानजिंगच्या अत्याचारांना कल्पित देशात आणले, आणि त्या प्रकरणांत जादू कोणालाही वाचवत नाही. धर्मवीर भारती यांनी फाळणीच्या जखमा ताज्या असताना, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, 'अंधा युग' हे हिंदी काव्यनाटक लिहिले. त्यात फाळणीचा उल्लेख नाही, कुरुक्षेत्राची शेवटची संध्याकाळ आहे. दोघांनीही अंतर वापरले ते दुःख सौम्य करण्यासाठी नव्हे, तर थेट सांगता न येणारे सांगण्यासाठी.

माझी कसोटी अशी आहे : ज्यांनी ते युद्ध भोगले त्यांच्यापैकी कोणी पुस्तक वाचले, तर त्यांच्या मृतांचा वापर केवळ नायकाला जागे करण्यासाठी झाला असे त्यांना वाटेल का? वाटणार असेल तर तो प्रसंग पुन्हा लिहावा. आणि एखाद्या समाजाला ओळखू येईल अशा रीतीने राक्षसकुळ ठरवले असेल, तर तो प्रसंग पुन्हा लिहून भागत नाही. ते संपूर्ण कथाविश्व बदलावे लागते.